कथकली 5000 वर्षं जुनं? त्या ओणमवाल्या फॉरवर्डची जरा उलटतपासणी

ओणम जवळ आलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर (डोंबिवली, त्यामुळे मल्याळी बिऱ्हाडं भरपूर) एक ठरलेला मेसेज येतो, रंगवलेल्या चेहऱ्याचा फोटो, खाली चार हात जोडलेले इमोजी. मजकूर दरवर्षी तोच. कथकली हे जगातलं सर्वात प्राचीन नृत्य, 5000 वर्षं जुनं, युनेस्कोने वारसा म्हणून जाहीर केलेलं. त्यात लाकडी मुखवटे घालतात आणि डोळे लाल व्हावेत म्हणून डोळ्यात मिरची घालतात. बायकांना बंदी. केरळची सगळी कला देवळातल्या ब्राह्मणांनी जपली. मोहिनीअट्टम म्हणजे भरतनाट्यमची मल्याळी कॉपी. पंचवाद्य म्हणजे पाच जण चेंडा (केरळचा ढोल) वाजवतात ते. अभिमान असेल तर शेअर करा.

मी तीन वर्षं नोकरीसाठी त्रिशूरला होते, कलाकार वगैरे नाही, पण रात्र रात्र जागून जेवढं बघता येईल तेवढं बघितलंय. यंदा राहवलं नाही म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी ते 5000 वर्षं. कथकली सतराव्या शतकातलं आहे. म्हणजे आपल्याकडे शिवकाळ चालू होता तेव्हाचं. कालिकतच्या सामूतिरी घराण्यातल्या मानवेदन राजाने 1654 च्या आसपास कृष्णगीती लिहिली आणि त्यावरून कृष्णनाट्टम उभं राहिलं, आठ रात्री चालणारं, संस्कृतमधलं (महाराजांनी जावळी घेतली 1656 ला, कृष्णगीती त्याच्या दोनच वर्षं आधीची). ते आजही गुरुवायूरच्या देवळात होतं. मग दंतकथा अशी की दक्षिणेतल्या कोट्टारक्कराच्या राजाने, म्हणजे तंपुरानने, ही मंडळी आपल्याकडे पाठवा म्हणून निरोप धाडला आणि सामूतिरीने साफ नाही सांगितलं, वर टोमणा मारला की तुमच्याकडच्या लोकांना यातलं काय कळणार. त्या रागात तंपुरानने रामनाट्टम रचलं, रामाची गोष्ट आठ भागात, आणि गाणी लोकांना कळतील अशा मल्याळममिश्रित भाषेत. भांडण झालं का नाही देव जाणे, पण रामनाट्टमपासूनच पुढे कथकली घडत गेलं हे सगळे मानतात.

आणि ते एका दिवसात तयार होऊन आलं नाही. आधी नट स्वतःच गायचे, नंतर वेट्टत्तुनाडच्या राजाने गायक वेगळे काढून मागे उभे केले, चेंडाही तेव्हाच आला असं सांगतात. मग कोट्टयमच्या तंपुरानने महाभारतावर चार नाटकं लिहिली (हे कोट्टयम म्हणजे आत्ताचं रबरवालं शहर नाही, तलश्शेरीजवळचं मलबारातलं), मग उण्णायी वारियरचं नळचरितम आलं, चार दिवसांचं, जे अजूनही लोक जीव टाकून बघतात. म्हणजे नावानिशी सांगता येतील अशा माणसांनी दोनशे वर्षं यात भर घातली आणि आपण 5000 लिहून त्या सगळ्यांना एका फटक्यात पुसून टाकतो. मला खरा राग याचा येतो. जुनं म्हटलं की भारी वाटतं हा आपला रोगच आहे.

बरं, जुनंच हवंय ना? मग कूडियाट्टम घ्या की. संस्कृत नाटक, त्याचा धागा दहाव्या-अकराव्या शतकातल्या कुलशेखर राजापर्यंत तरी सहज मागे जातो. चाक्यार घराण्यातले पुरुष, नंग्यार बायका, आणि मागे मिळावु वाजवणारे नंब्यार. मिळावु म्हणजे तांब्याचा मोठा रांजणच, तोंडावर कातडं ताणलेलं. त्याला ब्रह्मचारी मानतात, त्याची मुंज होते, आणि निकामी झाला की माणसासारखा विधी करून पुरतात. नाटकाचा एकेक अंक कितीतरी रात्री चालतो कारण एका श्लोकावर नट तासभर नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी सांगत बसतो. हे शतकानुशतकं कूत्तंबलममध्येच, म्हणजे देवळातल्या नाट्यगृहातच चालायचं, पैंकुळम राम चाक्यारांनी ते बाहेर आणलं तेव्हा त्यांच्याच लोकांचा विरोध झाला, आणि 1965 मध्ये कलामंडलम या कलाशाळेत त्याचं शिक्षण सुरू झालं.

यातच युनेस्कोचा मुद्दा पण निकालात निघतो. युनेस्कोने केरळातलं गौरवलं ते कूडियाट्टम, 2001 मध्ये, पुढे 2008 ला ते अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. 2010 ला मुडियेट्टु आलं, भद्रकाली आणि दारिकाची कथा, देवीच्या देवळात होते ती. कथकली त्या यादीत नाही. नाही म्हणून ते कमी झालं असं अजिबात नाही, पण नसलेला बिल्ला कशाला लावायचा?

आता मुखवटे. कथकलीत जवळजवळ मुखवटा नसतोच, दक्षाला बोकडाचं डोकं लागतं तसे दोनचार अपवाद सोडा. (मुखवटे खरोखर आहेत ते कृष्णनाट्टममधल्या काही पात्रांना, तेव्हा फॉरवर्डवाल्याचा घोटाळा तिथे झाला असेल.) जे दिसतं ते रंगकाम असतं आणि त्याला तीनचार तास लागतात. हिरवा रंग म्हणजे हरताळात नीळ मिसळून केलेला, लाल म्हणजे हिंगूळ. जबड्याभोवती पांढरी कड असते ती चुट्टी, तांदळाचं पीठ आणि चुना कालवून थर चढवायचे, आता कागद कापून लावतात. नट चटईवर उताणा पडलेला आणि चुट्टीवाला उशाशी बसून काम करतोय, असं मी एकदा पडद्यामागे जाऊन बघितलं, नट मस्त घोरत होता. रंगावरून पात्र कळतं, पच्चा म्हणजे हिरवा तो सज्जन नायक, कत्ती म्हणजे रावण-दुर्योधनासारखे राजबिंडे पण माजलेले, नाकावर पांढरा गोळा असतो ना ते, मग ताडी म्हणजे दाढीवाले, त्यात लाल वाईट आणि पांढरा म्हणजे हनुमान, करी म्हणजे काळी राक्षसीण, आणि मिनुक्कु म्हणजे बायका, ऋषी वगैरे, साधा उजळ चेहरा. मुखवटा असता तर भुवया, गाल, बुबुळं हलवायला वर्षानुवर्षं तालीम कशाला लागली असती? सगळं तर चेहऱ्यावर चालतं, नट तोंडाने एक शब्द बोलत नाही, मागून गाणं चालतं आणि तो 24 मूळ मुद्रांमधून वाक्यच्या वाक्यं मांडतो.

मिरची मात्र कोणी घालत नाही हो! डोळ्याला लावतात ते चुंडप्पू, वांग्याच्या जातीतल्या एका झुडपाच्या फुलाचा कोवळा गाभा, तळहातावर चोळून काळपट बारीक गोळी करतात आणि खालच्या पापणीत ठेवतात. डोळा हळूहळू लाल होतो आणि काही तास तसाच राहतो, आग होत नाही. हिरव्या चेहऱ्यावर डोळ्याचा पांढरा भाग विचित्र दिसतो म्हणून.

बायकांना बंदी? हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. शतकानुशतकं कथकलीत सीता-द्रौपदीसुद्धा पुरुषच करायचे हे खरं. पण त्रिपुणितुरामध्ये 1975 पासून बायकांचा कथकली संघ आहे, चवरा पारुकुट्टी यांनी आयुष्यभर पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या. कलामंडलमने मुलींना कथकलीच्या वर्गात घेतलं ते 2021 ला, उशीर केला याबद्दल वाद नाही. उलट मोहिनीअट्टमचे वर्ग मुलांना उघडले 2024 मध्ये, म्हणजे बंदी दोन्हीकडून होती. आणि कूडियाट्टममध्ये तर नंग्यार बायका पिढ्यानपिढ्या स्टेजवर आहेत, एकटीने करायचं नंग्यारकूत्तु हा त्यांचाच प्रकार.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात खटकतो. सगळं देवळात ब्राह्मणांनी जपलं म्हणे. जरा उत्तरेला कण्णूर-कासरगोडला जा. तिथलं थेय्यम. ऑक्टोबरच्या शेवटापासून मे-जूनपर्यंत, गावागावातल्या कावुमध्ये, म्हणजे देवराईतल्या ठाण्यांवर. करणारे वण्णान, मलयन, वेलन अशा जातींचे, ज्यांना एरवी देवळाच्या जवळ फिरकू द्यायचे नाहीत. रात्री तोट्टम म्हणजे देवाची कथा गाऊन होते, चेहरा नाजूक रेघांनी रंगवतात, डोक्यावर मुडी म्हणजे मुकुट चढतो, आणि तो माणूस आरशात बघतो त्या क्षणापासून देवच. मग जमीनदारसुद्धा त्याच्यापुढे हात जोडून उभा. पोट्टन थेय्यम नावाचा एक आहे, तो निखाऱ्यांवर लोळतो आणि जातीवरून वाद घालतो, तुला कापलं तरी रक्त आणि मला कापलं तरी रक्तच ना, असं. परश्शिनिक्कडवुच्या देवळात मुत्तप्पन देवाचं थेय्यम रोज होतं, नैवेद्य ताडीचा आणि सुक्या मासळीचा, आणि देवळात कुत्री बिनधास्त फिरतात. ह्याला नृत्य म्हणायचं तर म्हणा, तिथली माणसं मात्र देव आला म्हणतात. आणि जाता जाता, यंदाच्या फॉरवर्डवरचा फोटो थेय्यमचा होता, कथकलीचा नाही. चुट्टी नव्हती आणि मागे मशाली होत्या.

मग मापिळा मुसलमानांची ओप्पना, नवरीला मध्ये बसवून भोवती गाणाऱ्या बायका, शिवाय कोलकळी (काठ्यांचा नाच), दफमुट्टु (डफ वाजवत करायचा). सिरियन ख्रिश्चनांची मार्गमकळी, पेटत्या समईभोवती बारा जण. लॅटिन कॅथलिकांचं चविट्टुनाटकम, पोर्तुगीज काळातलं, लाकडी स्टेजवर पाय आपटून युरोपातल्या शार्लमेन बादशहाच्या लढाया करतात! आणि खुद्द कथकलीचा एक फार मोठा गायक कोण, तर कलामंडलम हैदराली. मुसलमान म्हणून बऱ्याच देवळात आत प्रवेश नव्हता, हरिपाडजवळ एका देवळात तर त्यांना गाता यावं म्हणून आवाराच्या भिंतीचा भाग पाडून स्टेज बाहेरपर्यंत वाढवावं लागलं होतं.

मोहिनीअट्टम कॉपी आहे का? नाही, पण नातं आहे, आणि त्यात आपलाही एक धागा आहे. त्रावणकोरचा राजा स्वाति तिरुनाळ (1813 ते 1846) स्वतः रचनाकार, त्याच्या दरबारी तंजावरच्या चार नृत्यगुरू भावांपैकी वडिवेलु होता, त्यामुळे वर्णम, पदम, तिल्लाना हे रचनाप्रकार दोन्हीकडे दिसतात. त्याच दरबारात तंजावरहून आलेले मेरुस्वामी होते, मराठी हरिकथाकार. म्हणजे आपल्या कीर्तनाचे सूर तिथे पोचले होते, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. पण नाच वेगळाच आहे. भरतनाट्यम रेषांचं, मोहिनीअट्टममध्ये कंबरेच्या वरचं अंग सतत झुलतं, झुळझुळ. मुद्रा कथकलीसारख्या हस्तलक्षणदीपिका या ग्रंथातल्या, कसवूची म्हणजे सोनेरी काठाची पांढरी साडी, अंबाडा डावीकडे. मधल्या काळात हे जवळजवळ संपलं होतं, वल्लत्तोळ कवींनी 1930 ला कलामंडलम काढलं आणि त्याला परत उभं केलं, कल्याणीकुट्टी अम्मांनी ते बसवलं, आणि आपल्या मुंबईच्या कनक रेळे, नालंदा नृत्य महाविद्यालयवाल्या, त्यांनी जुन्या नर्तकींच्या हालचाली चित्रित करून त्यावर आयुष्य घालवलं. त्या आधी कथकली शिकलेल्या होत्या बरं का.

शेवटचं पंचवाद्य. हसू येतं. पाच जण नाही, पाच प्रकारची वाद्यं: तिमिला, मद्दळम, इडक्का ही तीन चामड्याची, इलत्ताळम म्हणजे झांजा, आणि कोंबु म्हणजे शिंग. वाजवणारे चाळीस-पन्नास, कधी जास्त. आणि त्यात चेंडा नसतोच! चेंडा असतो तो मेळात, म्हणजे चेंड्यांच्या ताफ्यात. त्रिशूरच्या पूरम उत्सवात इलंजीच्या झाडाखाली दोनशेच्या वर लोक अडीच तास पांडी मेळ वाजवतात आणि समोरचा गर्दीतला माणूस हात वर करून ताल धरतो, दोन तास, आपल्या पथकाला टाळ्या वाजवतो तसा नाही, प्रत्येक मात्रा मोजत. पंचारी नावाच्या दुसऱ्या मेळाचं गणित तर सुंदर आहे, 96 मात्रांनी सुरुवात, मग 48, 24, 12, शेवटी 6. दर टप्प्याला निम्मं, म्हणजे वेग आपोआप दुप्पट. पहिल्या टप्प्यात मला वाटलं हे लोक झोपलेत की काय, शेवटच्या सहावर आल्यावर माझेच पाय थांबेनात.

हे सगळं शेजारच्या मल्याळी काकांना वाचून दाखवलं. ते हसले आणि मोबाईल पुढे केला. तोच मेसेज, तोच फोटो, मल्याळममध्ये, त्यांच्या फॅमिली ग्रुपवर, पालक्काडच्या मामेभावाने टाकलेला. फक्त त्यात 5000 च्या जागी 7000 होते.