एक्सेल शीट आणि बाबांचा गुडघा

आज पॉटलकला (सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचं जेवण) एकीने चारचौघांत म्हटलं, "ही डिस्नेला एक्सेल शीट घेऊन जाते! आम्ही बाई मनाला येईल तसं फिरतो." सगळे हसले. मी गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

मनाला येईल तसं? ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये? तिथे जेवायचं टेबल ६० दिवस आधीपासून धरता येतं. रांग टाळायचे पास त्यांच्या हॉटेलात उतरलेल्यांना ७ दिवस आधी घेता येतात, बाकीच्यांना ३. गेटवर पोचून "बघू काय ते" म्हणणाऱ्यांना उरलंसुरलं मिळतं, आणि मग उन्हात तासतास उभं कोण राहतं? म्हातारी माणसं आणि लेकरं.

मागच्या जुलैत पुण्याहून सासू-सासरे आले होते. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये दुपारी एकच्या सुमारास बाबांचा गुडघा धरला. ते स्वतःहून सांगणाऱ्यातले नाहीत, आईंनीच मला खुणावलं. धाकटी रडकुंडीला आलेली, वर आभाळ काळंभोर. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाट असतोच, विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड बंद. मी तिथल्या तिथे पुढचं सगळं रद्द केलं. जीव कळवळला नाही, कारण पोरांच्या आवडीच्या दोन्ही मोठ्या राइड सकाळी गर्दी व्हायच्या आत उरकल्या होत्या. आणि छपराखाली, एसीत, बसून बघण्यासारखं काय कुठे आहे ते मला पाठ होतं.

कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला खेळ. आपण खुर्चीत बसायचं, प्रेक्षागृहच फिरतं, आणि एका घरात वीज, फ्रिज, टीव्ही कसे कसे येत गेले ते दिसतं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि बाबा धाकटीला सदाशिव पेठेतल्या वाड्यात पहिला फ्रिज आला तेव्हाची गोष्ट सांगत होते. शेजारपाजारचे बर्फ मागायला यायचे म्हणे! मीही पहिल्यांदाच ऐकली. खेळ संपला तर म्हणाले, "परत बसूया का गं?" बसलो.

हे "मनाला येईल तसं" नाही तर काय आहे?

दोघंच असाल, तरुण असाल, तर जा की न ठरवता, मजा येते. मान्य. पण चार पिशव्या, दोन पोरं, एक गुडघा बरोबर असेल तर कोणीतरी रात्री जागून हे बघितलेलं असावं लागतं. बहुतेक घरांत ती घरातली बाईच असते. तिला हसू नका. मला आज खरंच लागलं ते.

असो. लिहिता लिहिता राग उतरला, बाबांचा त्या अंधारातला चेहराच आठवतोय.

ऑक्टोबरात परत येताहेत दोघं. आत्ताच नवी शीट उघडलीय. पहिली ओळ लिहून झाली: दुपारी १ ते ४, काहीही नाही.