पुरातलं इंजिन, हाताचा अंदाज आणि थाऊचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मिस्त्री,

पुरात उभ्या राहिलेल्या अँबेसेडरचं इंजिन नवशिक्यानं घरी कसं बांधावं, या लेखावर तुम्ही मोठी प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात मांडतो. नवशिक्यानं इंजिन खोलूच नये. पिस्टन जाम असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल ओतावं, दोन दिवस ठेवावं आणि चौथ्या गिअरात गाडीला धक्का मारावा, निम्मी इंजिनं तेवढ्यावर सुटतात. मायक्रोमीटर आणि प्लॅस्टिगेज (बेरिंगची फट मोजायचा धागा) ही पुस्तकी थेरं आहेत, बेरिंगचं फिटिंग हाताला कळतं. बोअरिंगवाल्याकडं ब्लॉक टाकला की पुढचं तोच बघतो. आणि बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर चाळिसाच्या वर न्यायचं नाही.

आधी जे पटलं ते. बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, वॉल्व्ह सीट कापणं, कनेक्टिंग रॉड सरळ आहे का ते जिगवर तपासणं, ही चार कामं घरची नव्हेत, आणि ती घरी करा असं लेखातही कुठं नाही. इंजिन उचलण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते तर प्रत्येकानं वाचावं. नुसतं इंजिन दीडशे किलोच्या पुढं जातं, गिअरबॉक्स लागलेला असेल तर वजन आणखी वाढतं. पत्र्याच्या शेडचा अँगल त्यासाठी बनवलेला नसतो. एक टनाची चेन कप्पी आणि लोखंडी तिपाई भाड्यानं आणावी, इंजिन लटकत असताना हात किंवा पाय त्याच्या खाली घालू नये. यात वाद नाही.

धक्क्याचा सल्ला मात्र मी ठामपणे खोडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीच्या गावभागात किंवा सांगलवाडीत बुडालेल्या आणि नंतर तशाच झाकून ठेवलेल्या गाड्या अजून निघतात. अँबेसेडरच्या या जुन्या, दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरची जागा ३७२ सीसी असते. पिस्टन वर आला की, कॉम्प्रेशन सातच्या आसपास धरलं तर, साठ-एक सीसी उरते. त्याहून जास्त पाणी किंवा तुमचंच ओतलेलं डिझेल वर साठलेलं असेल आणि दोन्ही वॉल्व्ह बंद असतील, तर पिस्टनला पुढं जायला जागाच नसते, कारण द्रव दबत नाही. स्टार्टर अशा वेळी अडकून थांबतो. धक्क्यानं वेग घेतलेली हजार किलोच्या वरची गाडी थांबत नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. वाकलेल्या रॉडवरही इंजिन चालू होतं, हीच खरी पंचाईत. पुढं पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांखालच्या भिंतीवर) तिरपा घासल्याचा पट्टा दिसतो आणि रिंगा एका अंगानं झिजतात.

दुसरं असं की चारही सिलिंडरची अवस्था सारखी नसते. इंजिन ज्या स्थितीत थांबलेलं असतं त्यात एखाद्याचा वॉल्व्ह उघडा राहतो आणि पाणी तिथं भरतं. बंद सिलिंडर बऱ्यापैकी कोरडा राहतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये रिंगा जिथं टेकलेल्या असतात तिथं गंजाचं कडं धरतं. डिझेल तो गंज सैल करतं, पण खाली पडलेले खड्डे भरून काढत नाही. धक्क्यानं पिस्टन सुटतो, रिंग खाचेत चिकटलेलीच राहते किंवा तुटते, आणि तुकडा बोअरमध्ये उभी रेघ मारत जातो. जे बोअर ‘वीस’मध्ये, म्हणजे मूळ मापाहून वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठ्या पिस्टनवर, निघालं असतं ते ‘चाळीस’ला जातं.

म्हणून क्रम असा. क्रँक हलवण्याआधी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट काढा. ऑइल पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे पाणी आधी बाहेर येईल. ते साफ निघून मागून काळं ऑइल आलं तर पाणी नुसतं साठलेलं होतं. ताकासारखं पांढुरकं मिश्रण निघालं तर पाणी शिरल्यावर कुणीतरी इंजिन फिरवलेलं आहे, आणि बेरिंग बदलायचीच असं धरून चाला. मग चारही प्लग काढून, डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) समान घेऊन प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ओता आणि चार-आठ दिवस जाऊ द्या. हेड उतरवा. फ्लायव्हीलच्या दात्यांवर पहार अडकवून क्रँक पुढं-मागं, बोटभर, जोर न लावता हलवा. एकाच दिशेला रेटू नका. तरीही सुटला नाही तर चेंबर उतरवून बिगएंड कॅप (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची टोपी) सोडा, म्हणजे जाम पिस्टन कोणता ते कळेल. बाहेर काढताना बोअरच्या वरच्या तोंडाला झिजेनं राहिलेला काठ आधी रिज रीमरनं काढायचा. तो तसाच ठेवून पिस्टन वर ठोकला की रिंगेच्या खाचांमधल्या भिंती तुटतात. ठोकायचं ते लाकडाच्या ठोकळ्यानं, सळईनं नाही.

आता हाताच्या अंदाजाबद्दल. तुमच्या हाताखालून शेकड्यांनी इंजिनं गेली असतील, त्या हाताशी माझं भांडण नाही. पण लेख ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडं तो हात नाही, आणि माप हीच त्याची भरपाई. शिवाय कितीही मुरलेला हात असला तरी त्याला घट्ट लगेच कळतं, सैल कळत नाही. मेन बेरिंगमध्ये एक थाऊ फट असली तरी क्रँक तेल लावून बोटानं फिरतो, आणि चार थाऊ असली तरी बोटानंच फिरतो. फरक कळतो तो इंजिन तापल्यावर, ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायला लागला की. तोवर इंजिन गाडीत चढलेलं असतं. (एक थाऊ म्हणजे मिलिमीटरचा साधारण चाळिसावा भाग. आपल्याकडं पिस्टन थाऊत मागायचा आणि बोअर मिलिमीटरमध्ये मोजायचं हा घोळ कायमचाच.)

प्लॅस्टिगेज म्हणजे मेणासारख्या प्लास्टिकचा बारीक धागा. जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि शेल (बेरिंगची अर्धगोल वाटी) कोरडे पुसायचे, तेलाचा थेंब नको. धागा जर्नलवर आडवा, म्हणजे क्रँकच्या लांबीच्या दिशेनं ठेवायचा, कॅप बसवून पूर्ण टॉर्कला आवळायची आणि परत काढायची. या दरम्यान क्रँक जराही फिरता कामा नये, नाहीतर धागा फासला जातो आणि रुंदी खोटी येते. चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचा. एक ते अडीच थाऊ, म्हणजे ०.०२५ ते ०.०६ मिमी, आलं तर पुढं चला. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसला तर जर्नल निमुळता झालाय किंवा शेलच्या मागं कचरा अडकलाय. हे शेवटचं कारण सर्वांत जास्त वेळा निघतं, आणि फडक्याच्या एका धाग्यानंही एवढा फरक पडतो.

फट जास्त आली की आपल्याकडं दोन जुने इलाज करतात: कॅप कानशीवर घासायची, किंवा शेलच्या मागं पत्र्याची पट्टी नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालायची. कॅप घासली की भोक अंडाकृती होतं, फट वर-खाली कमी होते आणि बाजूंना होती तेवढीच राहते, आणि तो ब्लॉक किंवा रॉड, भोक परत गोल कापून घेतल्याशिवाय, नव्या बेरिंगला निकामी. पट्टी घातली की शेलची पाठ धातूला टेकत नाही, उष्णता निघून जायला वाट राहत नाही आणि शेल जागेवर फिरायला लागतं. उपाय एकच: जर्नल मोजा, एक थाऊपेक्षा जास्त अंडाकृती असेल किंवा गंजाचे ठिपके नखाला लागत असतील तर ग्राइंड करून दहा, वीस, तीस थाऊ जे निघेल त्या मापाची बेरिंग घ्या. पुरातल्या क्रँकवर ठिपके बहुतेक वेळा निघतातच. पॉलिश पेपरनं ते चकचकीत होतात, जात नाहीत.

ग्राइंडिंग करून आलेला क्रँकही डोळे झाकून घेऊ नका. जर्नल जिथं वेबला (क्रँकच्या आडव्या हाताला) मिळतो त्या कोपऱ्यात गोलाई हवी. तिथं काटकोनी धार राहिली असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. गोलाई गरजेपेक्षा मोठी असेल तर शेलची कड तिच्यावर चढते. तेलाच्या भोकांच्या कडा मोडलेल्या असाव्यात, नाहीतर त्या नव्या बेरिंगला खरवडतात. हे सगळं दुकानातच, बिल देण्याआधी बघायचं.

‘बोअरिंगवाला पुढचं बघतो’ हेही अर्धंच खरं. त्याच्या हाताला जास्त सवय ट्रॅक्टरच्या आणि शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांची असते, आणि पेट्रोलच्या पिस्टनची फट तीच असेल असं नाही. या इंजिनाचं मूळ बोअर ७३.०२५ मिमी, चाळीस थाऊला ते ७४.०४ च्या आसपास जातं. पण छापील आकड्यावर बोअर करायचंच नाही. आधी पिस्टन विकत घ्या, चारही स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, मोजा, मोजमाप कागदावर लिहा आणि पिस्टनसकट दुकानात द्या. पिस्टन कंपनीनं डब्यावर दिलेली फट धरून प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला जुळवायला सांगा, आणि शेवटचे दोन थाऊ होनिंगनं (बारीक दगडानं घासून) काढायला सांगा. परत आल्यावर बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजा. हे मोजणं म्हणजे दुकानदाराचा अपमान नव्हे. चांगला बोअरिंगवाला स्वतःच गेज पुढं करतो.

मग धुणं. या एका गोष्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगतो, आणि तीच लोक उरकतात. होनिंगची खर बोअरच्या रेघांमध्ये बसलेली असते. पेट्रोल किंवा डिझेलनं पुसलं तर वरचं तेल जातं, खर तिथंच राहते. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ताठ ब्रश, पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरं निघेपर्यंत. पुराच्या इंजिनात आणखी एक भानगड म्हणजे कृष्णाकाठची काळी माती. ती इतकी बारीक की ऑइल गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेत) शिरते, वाळून चिकटते आणि नव्या तेलात पुन्हा भिजून सुटते. गॅलरीच्या दोन्ही टोकांचे प्लग काढल्याशिवाय ती निघत नाही. क्रँकमधल्या तेलाच्या वाटाही लांब बारीक ब्रश घालून साफ करायच्या. ब्लॉकचे पाण्याचे डमी प्लग काढा, मागच्या सिलिंडरभोवती गाळ बसलेला असतो. तो राहिला तर रेडिएटर नवा टाकूनही गाडी तापते आणि दोष उगाच थर्मोस्टॅटवर जातो. धुतल्याबरोबर कॉम्प्रेसरच्या हवेनं सुकवून तेल फासा. पावसाळ्याच्या दिवसांत तर पुसून होईपर्यंत ब्लॉक तांबूस होतो.

जुळणीतलं बाकी मॅन्युअलमध्ये आहे, दोनच गोष्टी इथं. रिंग बसवण्याआधी बोअरमध्ये टाकून, उलट्या पिस्टननं इंचभर खाली सरळ ढकलून, तोंडाची फट फीलरनं मोजा. ९ ते १२ थाऊ हवी. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. ‘नव्या रिंगा आहेत, बसवून टाक’ हा सल्ला इथं महागात पडतो. आणि रॉड-कॅपचे नंबर खोलतानाच बघून ठेवा. नसतील तर ठिपके मारा, कारण कॅपची अदलाबदल चालत नाही.

रनिंग-इनबद्दल आपलं जमणार नाही असं दिसतं. चाळिसानं रखडत चालवलेल्या इंजिनात रिंगेवर दाबच येत नाही, होनिंगच्या रेघा झिजून बोअरला काचेसारखी झिलई येते, आणि इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल खातं. पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारा, थांबत थांबत. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्याबरोबर १५०० ते २००० आरपीएमवर वीस मिनिटं ठेवा. आयडलवर कॅमला पुरेसं तेल उडत नाही. मग तासगाव रस्त्यासारखा मोकळा रस्ता बघून टॉप गिअरात चाळीस ते साठ असा जोर द्या, पाय काढून परत चाळिसावर येऊ द्या, असं पुन्हा पुन्हा. ताणायचं नाही, पण जोर द्यायचा. ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, सिंथेटिक नंतर. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, जुनं ऑइल ताटलीत ओतून उन्हात बघा. थोडी राखाडी चमक चालते, तांबूस किंवा रुपेरी पापुद्रे चालत नाहीत.

शेवटी तुम्ही विचारलेला प्रश्न: टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट, कधी आणि कशी लावायची. एकदा इंजिन तापवून पूर्ण गार झालं की हेडचे नट मधून बाहेर या क्रमानं पुन्हा टॉर्कला आणा, आणि त्यानंतरच टॅपेट. आठ वॉल्व्ह आहेत, बेरीज नऊ करायची: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला लावा, सातवा उघडा असताना दुसरा, असंच पुढं. हेड आवळण्याआधी टॅपेट लावले तर नट बसतात तेवढी फट कमी होते, आणि एग्झॉस्ट वॉल्व्हचं तोंड जळालं की ते हेड परत उतरवावं लागतं.