ताई, सांडशी कुठंय?

आमच्या घरात स्पीकर दोन, आणि त्यांच्या जिवावर उठलेले नातेवाईक अगणित. त्यांत धाकटा मेहुणा अव्वल. त्याची चप्पल दारात निघायच्या आत हात अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर पडलेला असतो. "दाजी, आवाजच नाही हो तुमच्या सिस्टीमला!" लगेच बेस पूर्ण, ट्रेबल पूर्ण. वर 'लाउडनेस' नावाचं बटण असतंच. ते ज्यानं शोधलं त्याला मेहुणे नसावेत.

"अरे, अ‍ॅम्प्लिफायर ४० वॉटचाच आहे."

"पण स्पीकर १०० चे आहेत ना? मग काय होतंय!"

इथंच तर घात होतो. अ‍ॅम्प्लिफायरला कुवतीबाहेर रेटलं की ध्वनिलहरींचे माथे सपाट छाटले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. या छाटाछाटीतून मूळ गाण्यात नसलेले वरच्या पट्टीतले आवाज जन्माला येतात आणि थेट ट्वीटरवर, म्हणजे पेटीतल्या वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरवर, आदळतात. त्याची कॉइल नाजूक तारेची. ती तापते, वॉर्निश जळल्याचा वास सुटतो आणि झांजा कायमच्या गप्प होतात. खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, धडधडतच असतो, त्यामुळे मेहुण्याचा चेहरा खुललेला: "आता कसा भरदार वाटतोय!"

आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात आणि त्याला ताकद लागते दहापट. म्हणजे ४० वॉटचे ४०० वॉट. बेसचं बटण शेवटपर्यंत पिळलं की खालच्या सुरांपुरती जवळपास तेवढीच मागणी होते. हे समजावल्यावर मेहुणा म्हणाला, त्याच्या मित्राकडे ५००० वॉटचा सेट आहे. खोक्यावर छापलंय म्हणे, पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद! लग्नाच्या बायोडेटातल्या पगाराला जेवढा आधार, तेवढाच या आकड्याला. खरं काय ते आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद. पण तो आकडा लहान असतो, म्हणून लहान अक्षरांत छापतात.

उपाय बरेच केले. स्पीकरच्या वायरीत फ्यूज टाकला, तर मेहुण्यानं वायरमनच्या उत्साहानं तो काढून तारा जोडून दिल्या. "दाजी, लूज कनेक्शन होतं." बायकोनं भावाचं कौतुक करून त्याला दुसरा चहा दिला.

परवा तो येणार म्हणून आवाजाच्या बटणाची टोपीच उपसून खिशात टाकली. मागे उरली नुसती गुळगुळीत दांडी. त्यानं बोटांनी फिरवून पाहिली, हलेना. मी पेपर वाचत होतो. जरा वेळानं स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला,

"ताई, सांडशी कुठंय गं?"