आतलं कोण बघतंय?

संगीतकारांसाठी वेबसाइट काढताय? उत्तम. आधी सगळं बजेट बाहेरच्या पानावर घाला. तानपुऱ्याच्या भोपळ्याचा क्लोज-अप, माउस नेला की थरथरणाऱ्या तारा, खाली सरकताना हळूच उमटणारी घराण्यांची नावं. उद्घाटनाला येणारे पाहुणे एवढंच बघणार आहेत. ॲडमिन पॅनलकडे, म्हणजे माहिती भरायच्या आतल्या पानांकडे, शेवटच्या आठवड्यात वळा, तेही वेळ उरला तर. तिथं बसणार कोण? मंडळाचे कार्यवाह काका. बँकेतून निवृत्त, रागाची जाण, तालाची जाण, रेकॉर्डिंगांची जुनी वही स्वतःच्या हातानं लिहिलेली. आणि पगारच नसल्यामुळे राजीनामा द्यायचीही सोय नाही. असा वापरकर्ता नशिबानं मिळतो.

काकांच्या शेजारी मात्र चुकूनही बसू नका. बसलात की ते म्हणणार, ‘अहो, आमच्यात हे असं नसतं.’ मग ते कसं असतं हे तुम्हाला कळणार, आणि कळलं की बदलावं लागणार. त्यापेक्षा परदेशी पॉप बँडसाठी केलेलं तयार टेम्प्लेट विकत घ्या, वरची नावं मराठीत करा आणि ‘शास्त्रीय संगीतासाठी खास’ असं लिहून मोकळे व्हा.

आता फॉर्म. गाण्याचा वेग ही चौकट सक्तीची ठेवा, मिनिटाला ४० ते २४० ठोके. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर सहज चालतं, म्हणजे मिनिटाला १२ मात्रा. काकांनी १२ लिहिलं की चौकट लाल व्हायला हवी आणि खाली यायला हवं: ‘कृपया वैध मूल्य भरा’. वैध म्हणजे किती, ते सांगू नका. काका दोन दिवस झगडतील, मग एका मात्रेचे चार भाग धरून ४८ लिहितील आणि गाडी पुढे जाईल. तुमची शिफारस करणारी यंत्रणा ४८ बघून तो बडा ख्याल ‘शांत झोपेसाठी’ या यादीत टाकेल. काही श्रोत्यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे, पण तो विषय वेगळा.

स्वराचंही तसंच. गाणाऱ्या बाईंचा षड्ज पेटीवरची काळी चार. तुमच्या यादीत काळी चार नको, ‘जी शार्प’ ठेवा, आणि पुढे विचारा: मेजर की मायनर? तिसरा पर्याय देऊ नका. मारवा रागात रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. त्याला मेजर म्हणायचं की मायनर, हे काकांनी शेवटी गाणाराचा स्वभाव आठवून ठरवायचं. तालासाठी ‘४/४’ आधीच भरलेलं असू द्या, म्हणजे झपतालाच्या दहा मात्रा चारांत बसवता बसवता त्यांचं गणितही ताजं राहील.

यादी कुठे द्यायची आणि मोकळी जागा कुठे सोडायची, यात मात्र कसब लागतं. रागांची नावं मोजता येण्याजोगी असतात, म्हणून तिथं यादी मुळीच देऊ नका. ज्याला जसं सुचेल तसं लिहू द्या. वर्षभरात तुमच्याकडे मालकंस आणि मालकौंस असे दोन राग असतील, भूप आणि भूपाली असे दोन, भीमपलास आणि भीमपलासी हे दोन, बागेश्री आणि बागेश्वरी आणखी दोन, आणि पूरियाचा पू ऱ्हस्व की दीर्घ यावरून पुन्हा फाटे. श्रोत्यानं ‘मालकंस’ शोधलं की निम्मीच रेकॉर्डिंग्ज सापडतील. दोन नोंदी एकत्र करायचं बटण द्यायचं नाही. काकांनी एकेक उघडायची, सुधारायची, जतन करायची. ‘सर्व निवडा’ जरूर द्या, पण त्यानं समोर दिसणाऱ्या २५ नोंदीच निवडल्या जाव्यात आणि पान उलटलं की त्याही सुटाव्यात. याउलट मैफलीचा शेरा लिहायची जागा, जिथं माणसाला खरोखर काही सांगायचं असतं, तिथं यादी द्या: ‘चांगली’, ‘बरी’, ‘इतर’.

कलाकाराच्या नावाआधी काय लावायचं, तर ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ एवढे दोनच पर्याय पुरेत. काकांना पंडित, उस्ताद, विदुषी, झालंच तर डॉक्टर, हे सगळं नावाच्याच चौकटीत लिहावं लागेल. मग यादी अकारविल्हे लावलीत की सगळे पंडित ‘प’मध्ये, सगळे उस्ताद ‘उ’मध्ये आणि सगळ्या विदुषी ‘व’मध्ये. घराण्यांना दीडशे वर्षांत जमली नाही ती एकी तुमच्या सॉफ्टवेअरनं एका रात्रीत घडवून आणली.

साथीदारांची नावं टाकायला एकच ओळ ठेवा आणि तिच्याआधी ‘फीचरिंग’ लिहा. ओळीतला क्रमही आपोआप अकारविल्हे लागू द्या. ज्यानं कधी मैफलीची पत्रिका छापायला दिली आहे त्याला विचारा, तबल्याचं नाव आधी की संवादिनीचं, दोघांत ज्येष्ठ कोण, आणि तानपुऱ्यावर बसलेल्या दोन शिष्यांपैकी एकीचंच नाव छापलं तर काय होतं. पत्रिका निदान एकदाच छापली जाते. तुमचं पान चोवीस तास उघडं असणार, आणि फोन तुम्हाला नाही, काकांना येणार.

रचनाकाराचा ईमेल सक्तीचा ठेवा. सदारंग अठराव्या शतकातले, महंमदशहा रंगील्याच्या दरबारातले. त्यांच्या किती बंदिशी आजही गायल्या जातात, हे काकांना पाठ आहे. पण चौकट रिकामी ठेवून पुढे जाता येत नाही, म्हणून काका तिथं स्वतःचाच ईमेल टाकतील. तेव्हापासून दर सोमवारी त्यांना पत्र येईल: ‘प्रिय सदारंग, तुमचं प्रोफाइल २० टक्केच पूर्ण आहे. फोटो जोडा आणि अधिक श्रोत्यांपर्यंत पोहोचा!’ मानधनासाठी पॅनही मागून ठेवा. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या रचनेवरचा हक्क संपतो, असं भारतीय कायदा म्हणतो. तुमच्या फॉर्मला मृत्यूच मान्य नसावा.

डाउनलोड होणाऱ्या फाइलवरची माहिती फार लांबवू नका. एमपीथ्रीच्या जुन्या टॅगची पद्धत १९९६ची: फाइलच्या शेवटी १२८ बाइट, त्यात नावाला ३०. ती जपा, परंपरा आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइट खातं, म्हणजे नावाला दहा चिन्हं मिळाली. ‘मियाँमल्हार’ची चिन्हं भरतात अकरा. श्रोत्याच्या फोनवर ‘मियाँमल्हा’ दिसेल, ‘र’ पावसात बाहेर उभा राहील. प्रकाराला एकच बाइट, आणि त्यात मूळ ८० प्रकार ठरलेले आहेत. पोल्का आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, नाट्यसंगीत तर नाहीच. काकांनी पोल्का निवडलं तर हसू नका, त्यांनी निदान काहीतरी निवडलं.

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तबकडीच्या शेवटी ती स्वतःच्या तोंडानं सांगायची, ‘माय नेम इज गौहर जान’. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना गाणारी कोण हे त्यावरून कळायचं. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत एवढं एक वाक्य, आणि सव्वाशे वर्षं नाव कुठे हरवलं नाही. अशा जुनाट सोयींच्या नादी लागू नका. तुमच्याकडे चार टॅबमध्ये विभागलेला फॉर्म आहे.

प्रसारणाची वेळ ठरवायची सोय द्या, फक्त सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळावर चालतो हे कुठे लिहू नका. काका सकाळचा राग भैरव पहाटे सहाला लावतील. तो वाजेल साडेअकराला, दुपारच्या सारंगाची वेळ होत आलेली असताना. जाणकार श्रोते खवळतील, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रागसमयावर दोन दिवस वाद चालेल आणि कुणीतरी ‘हल्ली नियमच राहिले नाहीत’ असं म्हणेल. साडेपाच तासांचा घोळ आहे हे कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

सेशन १५ मिनिटांत संपवा, सुरक्षिततेसाठी. काका नोंद करण्याआधी रेकॉर्डिंग ऐकतात, ही त्यांची सवय. पॅनलमध्येच ते लावतात, आणि ऐकणं म्हणजे काम, असं तुमच्या सॉफ्टवेअरला वाटत नाही. बडा ख्याल, मग द्रुत, तराण्याची बंदिश कोणती ते कान देऊन टिपलं, चष्मा पुसला, ‘जतन करा’ दाबलं, की लॉगिनचं पान. ‘जतन करा’ आणि ‘कायमचे हटवा’ ही बटणं तर शेजारीशेजारी, एकाच आकाराची, एकाच निळ्या रंगाची असावीत. मीठ आणि पिठीसाखर एकसारख्या डब्यांत ठेवणारं घर असतं ना, तशी. हटवताना खात्री जरूर विचारा: ‘ही क्रिया रद्द करायची आहे का?’ आणि खाली ‘होय’ आणि ‘रद्द करा’.

एवढं झाल्यावर काका संगणकाच्या कडेला चिठ्ठी चिकटवतील: ‘डावीकडचं निळं. उजवीकडचं नाही.’ ती चिठ्ठी दिसली तर फोटो काढू नका, तुमच्या सादरीकरणात बसणार नाही. तिथं आलेख दाखवा, वापरकर्ते वाढताहेत म्हणून. त्यात सदारंगही मोजलेले आहेत.

आणि शेवटी तक्रारीची खिडकी. ती हवीच, कारण करारात लिहिलेली असते. मजकुराला १०० अक्षरांची मर्यादा घाला, स्क्रीनशॉट जोडायची सोय नको, आणि तक्रार कुणाकडे जाणार तिथं ‘ॲडमिन’ निवडून ठेवा. काका रात्री बसून शब्द कापत कापत भैरवाच्या वेळेची तक्रार लिहितील आणि पाठवतील. लगेच त्यांच्याच फोनवर टिंग वाजेल: नवीन तक्रार आली आहे, ४८ तासांत निकाली काढा. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस तो, प्रलंबित काही ठेवणार नाही. उघडेल, वाचेल, ‘निराकरण झाले’वर टिचकी मारेल आणि स्वतःलाच पाच तारे देईल.