‘मी’ मोजलात, ‘आपण’ राहिलं

नेत्यांच्या भाषणांत ‘मी’ किती वेळा येतं हे मोजणारा तुमचा लेख वाचला. मोजणी उपयोगी आहे, पण मराठीतली खरी मेख ऐकणाऱ्याला वगळणारं ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारं ‘आपण’ यांत आहे. हिंदीतल्या ‘हम’ला हा भेद दाखवता येत नाही. रावेर-यावलकडच्या सभेत ‘आम्ही केळीचा विमा मिळवून देऊ’ म्हटलं की समोरचा शेतकरी नुसता घेणारा ठरतो. ‘आपण विमा मिळवू’ म्हटलं की तो लढ्यात येतो, आणि उद्या विमा नाही मिळाला तर अपयशाचा वाटेकरीही होतो. क्रियापद मात्र ‘आम्ही मिळवू’, ‘आपण मिळवू’ असं दोन्हीकडे एकच! म्हणून सर्वनाम गाळून नुसतं ‘मिळवू’ म्हटलं की जबाबदारी अधांतरी राहते.

भूतकाळात तर ‘बंधारा बांधला’ एवढंच पुरतं. क्रियापदाचं लिंग-वचन बंधाऱ्यानुसार ठरतं, कर्ता दिसतच नाही. श्रेय घ्यायचं असेल तेव्हा ‘आम्ही’ आवर्जून लागतं. अनुदान मात्र आपोआप ‘अडकतं’.

धुळे-जळगावकडे सुरुवात अहिराणीत होते, ‘तुमना’ (तुमचा), ‘आमना’ (आमचा), ‘शे’ (आहे) ऐकून माणसं सुखावतात. आश्वासन आलं की लगेच ‘कार्यवाही करण्यात येईल’. जवळीक तिथेच तुटते. पुढच्या मोजणीत आश्वासनाच्या प्रत्येक वाक्यासमोर कर्ता कोण ते लिहा, आणि रिकाम्या जागाही मोजा.