थँक्सगिव्हिंगचं भाषण कसं ठोकावं

नोव्हेंबर आला की इकडे न्यू इंग्लंडात मराठी मंडळींच्या जेवणाआधी कुणीतरी माईक हातात घेतोच. यंदा ज्यांनी घेतला त्यांनी पावभाजीवरचं लोणी थिजेपर्यंत सोडला नाही. विषय: लोकशाही आणि धर्मस्वातंत्र्य घेऊन इंग्लंडहून अमेरिकेत आलेले ते थोर लोक. पुढच्या वर्षी पाळी तुमची असेल, तर काही सूचना.

सुरुवात त्यांना १६२० मध्ये प्लिमथला आणणाऱ्या 'मेफ्लॉवर' जहाजापासूनच करावी, त्याआधीचं काही काढू नये. १६१९ सालीच जेम्सटाउनला निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा भरली होती, आणि त्याच वर्षी त्याच व्हर्जिनियात आफ्रिकी माणसं शिधासामग्रीच्या बदल्यात विकली गेली. दोन्ही एका दमात सांगितलं की टाळ्या पडत नाहीत.

'ते धर्मस्वातंत्र्यासाठी आले' हे कापऱ्या आवाजात म्हणावं. ते स्वातंत्र्य तर आधीच हॉलंडमधल्या लायडनला त्यांना मिळालेलंच होतं. पण पोटापाण्याचे हाल होते आणि पोरं डच वळणावर चालली होती. ही कुरकुर गाळावी. आपल्याच पालकसभेतली वाटेल.

मिळून कारभार करायच्या 'मेफ्लॉवर'वरच्या करारावर ४१ सह्या, त्याही फक्त पुरुषांच्या. 'सर्वांनी' म्हणावं.

नाताळ साजरा केल्यास ५ शिलिंग दंड, मॅसॅच्युसेट्स, १६५९. मुलांसमोर नको.

मेरीलँडचा १६४९ चा सहिष्णुतेचा कायदा जरूर सांगावा. ट्रिनिटी, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा असा ख्रिस्ती त्रिरूप देव, नाकारणाऱ्याला त्यातच देहदंड होता, तेवढं कलम सोडून. नाहीतर गणपती बसवणारे आपण सगळे... असो, जेवणाआधी नको.

आणि बॉस्टन! प्लिमथचे भाविक आणि दहा वर्षांनी बॉस्टनला आलेले प्युरिटन, म्हणजे चर्च 'शुद्ध' करायला निघालेले कडवे ख्रिस्ती, एकाच पोत्यात भरावेत, सोपं पडतं. १६३१ पासून तिथे चर्चचा सभासद नसेल त्याला मत नाही. याला लोकशाहीची पहाट म्हणावं. तिथलाच एक पाद्री, रॉजर विल्यम्स, म्हणाला, सरकारनं माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये, आणि राजाच्या सनदेनं मूळ रहिवाशांची जमीन तुमची होत नाही. १६३५ मध्ये हद्दपार! भर बर्फात निघाला, नॅरागॅन्सेट या मूळ रहिवाशांनी जागा दिली तेव्हा ऱ्होड आयलंडातलं प्रॉव्हिडन्स वसलं. ॲन हचिन्सन घरी माणसं जमवून पाद्र्यांच्या प्रवचनांची चिरफाड करायची. १६३७ मध्ये खटला, तीही हद्दपार. क्वेकर म्हणजे पाद्र्यांवाचून उपासना करणारा ख्रिस्ती पंथ, त्यांचे कान कापले, कान! तरी येतात म्हणून परत आल्यास मृत्युदंड. १६५९ मध्ये मेरी डायर या क्वेकर बाईच्या डोळ्यांदेखत तिच्या दोन सोबत्यांना लटकवलं, तिला गळ्यातला फास काढून सोडलं. ती परत आली. १ जून १६६० ला तिलाही लटकवलं. कुणी? वक्तेसाहेब, ज्यांच्या नावानं तुम्ही यंदा टाळ्या घेतल्यात त्यांनी! स्वातंत्र्य घेऊन आले म्हणे. स्वतःपुरतं आणलं होतं. बाकीच्यांसाठी ते मिळवलं यांनी हाकललेल्यांनी, तिकडे ऱ्होड आयलंडात. धर्ममतावरून कुणाला छळायचं नाही हे १६६३ च्या सनदेत लिहून घेतलं.

अहो, भाषण लांबलं याचा राग नाही. इतकी वर्षं इथे राहून, परधर्मीय म्हणून इथल्या मोकळेपणाचा रोज फायदा घेऊन, तो कुणाच्या जिवावर आला हे विचारावंसं वाटत नाही, याचा आहे. मेरी डायरचा पुतळा बॉस्टनच्या स्टेट हाउससमोर, म्हणजे राज्याच्या विधान भवनासमोरच आहे. देशातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही तिथला सोनेरी घुमट दाखवायला नेता. चौथऱ्यावर काय कोरलंय ते एकदा तरी वाचा की! दोन-चार ओळींचं इंग्रजी येतं ना तुम्हाला?