‘सेन्सर हवेत टांगायचे १८०० रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. शनिवारी तुम्हाला तीन तास ताटकळावं लागलं आणि बिल नीट समजावून सांगितलं गेलं नाही, याबद्दल दिलगीर आहोत.

पण ‘सेन्सर अर्धा तास हवेत टांगून ठेवला, त्याचे १८०० लावले, वर अ‍ॅव्हरेज १५ वरून १२ वर आलं’ हे इथे चार लोक वाचणार. आमचं पोट याच कामावर आहे, म्हणून खुलासा करणं भाग आहे.

वाइडबँड सेन्सर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन मोजून इंजिनात हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा सेन्सर, जुळवताना हवेतच टांगतात. एलएसयू ४.९ ला (तुमच्या सेन्सरचं मॉडेल) कॅलिब्रेशन, म्हणजे जुळवणी, लागत नाही असं तुम्ही आमच्या मुलाला व्हिडिओ दाखवून सांगितलंत. ते अर्धंच खरं आहे. त्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये कंपनीतून ट्रिम करून, म्हणजे त्या सेन्सरपुरता जुळवून, आलेला रेझिस्टर असतो. जो कंट्रोलर (सेन्सरचा सिग्नल वाचणारा डबा) तो रेझिस्टर वाचतो त्याला वेगळं कॅलिब्रेशन लागत नाही. तुम्ही स्वतः विकत आणलेला इनोव्हेट एलसी-२ कंट्रोलर मात्र मोकळ्या हवेवर जुळवावा लागतो. त्यासाठी सेन्सर पाइपमधून काढायचा, केबल सुटी करून कंट्रोलरला अर्धा मिनिट नुसता करंट द्यायचा, म्हणजे जुनं कॅलिब्रेशन पुसलं जातं. मग बंद करून सेन्सर जोडायचा, मोकळ्या हवेत धरायचा आणि परत चालू करायचा. हीटर तापला की हवेतला २०.९ टक्के ऑक्सिजन हा आधार धरून तो स्वतःला जुळवून घेतो. गॅरेजच्या आत, शेजारी दुसरी गाडी धूर सोडत असताना हे केलं तर मोजमापाचा पायाच चुकतो. म्हणून सेन्सर बाहेर फाटकापाशी नेला होता. त्यालाच तुम्ही ‘टांगून ठेवला’ म्हणता.

शिवाय १८०० फक्त त्याचे नाहीत. खरा वेळ ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, गेला. एलसी-२ चं आउटपुट ० व्होल्टला ७.३५ आणि ५ व्होल्टला २२.३९ एएफआर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) असं सरळ रेषेत असतं. तुमच्या ईसीयूत आधी कोणीतरी एईएम या दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरची स्केल (किती व्होल्ट म्हणजे किती एएफआर ते) भरून ठेवली होती, ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८. त्यामुळे ईसीयू १४.७ गाठायला जायचा तेव्हा इंजिन प्रत्यक्षात १६.७ वर चालायचं. ज्या झटक्यांची तक्रार घेऊन तुम्ही आलात ते इथूनच येत होते. पूर्ण थ्रॉटलला टार्गेट १२.५ होतं, प्रत्यक्षात मिळत होतं १३.९. तुमचं १५ चं अ‍ॅव्हरेज हेच, साहेब. लोडवर इतकी लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, गाडी दामटली की आधी नॉकिंग (इंजिनात ठोके) आणि मग पिस्टन जातो. आम्ही तुमचं अ‍ॅव्हरेज कमी केलं नाही, खोटं होतं ते खरं केलं.

स्केल बदलून काम संपत नाही. कंट्रोलरमधून स्थिर १ आणि ४ व्होल्ट देऊन ट्यूनरस्टुडिओत (ईसीयू जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) १०.३६ आणि १९.३८ दिसतात का, ते पाहिलं. दोन्ही आकडे सारख्याच फरकाने वर होते, म्हणजे घोळ ग्राउंडचा (करंट परत जायच्या जोडणीचा). तुमच्या कंट्रोलरची काळी वायर डॅशबोर्डखाली बॉडीला बसवलेली होती. हेडलाइट आणि फॅन चालू केल्यावर तिथे आणि ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडमध्ये ०.१२ व्होल्टचा फरक येत होता, म्हणजे एएफआरमध्ये ०.३६ ची चूक. वायर इंजिन ब्लॉकवर ईसीयूच्या ग्राउंडपाशी नेली, फरक गेला. सेन्सर गरम होईपर्यंत कंट्रोलरचा आकडा धरायचा नसतो, म्हणून स्टार्टनंतर त्या आकड्यावरून पेट्रोल कमी-जास्त करायचं करेक्शनही उशिरा सुरू केलंय.

बंगच्या (पाइपवर सेन्सर बसतो त्या नटाच्या) आट्यांना तुम्ही लाल सिलिकॉन लावलं होतं. ते आम्ही खरवडून काढलं, त्याचे पैसे बिलात नाहीत. सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर मरतो. आणि फ्यूज काढून, म्हणजे हीटर बंद ठेवून, तुम्ही गाडी आणलीत. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि नवा सेन्सरही खराब होतो. तुमचा वाचला, नशीब. पुढच्या वेळी सेन्सरला करंट नसेल तर तो काढून तिथे प्लग लावा.

पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, मग मीटर १४.७ च का दाखवतं, हेही तुम्ही लिहिलंय. सेन्सर लॅम्ब्डा (पेट्रोल पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे ते) मोजतो आणि कंट्रोलर त्याला १४.७ ने गुणतो. लॅम्ब्डा १ म्हणजे मीटरवर १४.७, पेट्रोल कुठलंही असो. तो आकडा बदलू नका, नाहीतर ईसीयूची स्केल परत चुकेल.

बिलावर कामाची फोड लिहून द्यायचा विचार चालू आहे. बसायच्या जागेचंही काहीतरी करतो. लॉग फाइल तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच रात्री पाठवली होती, अजून उघडलेली दिसत नाही. ती कोणत्याही जाणकाराला दाखवा आणि मग एका स्टारचं काय करायचं ते ठरवा. ५०० किलोमीटर झाले की गाडी घेऊन या, क्रूझिंगचा (एकसारख्या वेगाने चालवतानाचा) मॅप बघून देऊ, त्याचे पैसे नाहीत. फक्त शनिवार सोडून या, मंगळवारी बंद असतं.